लुसिड स्वप्नात भान आल्यावर दिसणं, स्पर्श, वेळ आणि आठवण यांत नेमका काय फरक पडतो?

अर्धीरात्र विचारतात:

स्वप्न चालू असतानाच 'हे स्वप्न आहे' हे कळणं म्हणजे लुसिड स्वप्न, ही व्याख्या सगळीकडे मिळते. उडायचं कसं, हवं ते घडवून आणायचं कसं, यावरही भरपूर लिहिलेलं आहे. मला त्यातलं काही नको आहे. भान आलं त्या क्षणापासून जाग येईपर्यंत जाणिवेत काय काय बदलतं, हे नीट समजून घ्यायचं आहे.

अडलेले मुद्दे असे. भान येताच रंग गडद होतात, कडा रेखीव होतात असं बरेच जण सांगतात. चित्रच बदलतं की आपलं लक्ष तिकडे जातं? दुसरं, 'हे स्वप्न आहे' हे पक्कं कळलेलं असतानाही माणूस स्वप्नातल्या परीक्षेला उशीर होईल म्हणून धावत सुटतो. हे कसं काय? तिसरं, स्वप्नातली पाच मिनिटं म्हणजे घड्याळाची किती? आणि शेवटचं, यातलं काही घरच्या घरी तपासायचं असेल तर काय करावं, जेणेकरून उठल्यावर नोंद विश्वास ठेवण्याजोगी असेल?

---

उत्तररात्र:

तुमचा दुसरा मुद्दा आधी घेतो, कारण तो उलगडला की बाकीचे समजायला सोपे जातात.

भान एकदम आणि अख्खं येत नाही. त्यात निदान तीन वेगळ्या क्षमता आहेत. एक, चालू अवस्था ओळखणं: हे स्वप्न आहे. दोन, जागेपणीची आठवण हाताशी येणं: मी अमुक खोलीत झोपलो आहे, झोपताना अमुक ठरवलं होतं. तीन, या दोहोंवरून निष्कर्ष काढणं: म्हणजे परीक्षा नाही, म्हणजे उशीर होण्याचा प्रश्नच येत नाही. पहिली क्षमता परतली म्हणून तिसरी परतेलच असं नाही. परीक्षेकडे धावणाऱ्याची पहिली जागी असते आणि तिसरी झोपलेली. स्वप्न आहे हे त्याला माहीत असतं, पण त्या माहितीचा वापर होत नाही.

संशोधकांनाही भान एकाच आकड्यात मोजता आलेलं नाही. उर्सुला फॉस आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात २८ विधानं आहेत आणि त्यांतून आठ घटक निघाले: उमज, नियंत्रण, विचार, वास्तवाशी साम्य, आठवण, स्वतःकडे त्रयस्थपणे बघणं, नकोशा भावना आणि सुखद भावना. लुसिड स्वप्नांत यांतले बहुतेक घटक वर जातात. दोन मात्र साध्या स्वप्नासारखेच राहतात: वास्तवाशी साम्य आणि नकोशा भावना. म्हणजे भान आलं म्हणून घडणाऱ्या गोष्टी जास्त खऱ्या वाटू लागतात असं दिसत नाही, आणि भीती आपोआप उतरते असंही नाही. 'कळलं की भीती संपेल' या भरवशावर दुःस्वप्नात शिरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मेंदूकडून बघितलं तरी चित्र जुळतं. रेम झोपेत, म्हणजे डोळे झपाट्याने हलतात आणि ठसठशीत स्वप्नं पडतात त्या झोपेत, कपाळामागचा वरच्या बाजूचा भाग, म्हणजे डॉर्सोलॅटरल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, बराच मंद असतो. ठरवलेली गोष्ट धरून ठेवणं आणि विसंगती तपासणं ही कामं त्याच्याकडे येतात. २०१२ मध्ये मार्टिन ड्रेसलर यांच्या गटाने मेंदूची हालचाल टिपणाऱ्या एफएमआरआय यंत्रात झोपलेल्या व्यक्तीचं लुसिड स्वप्न टिपलं. त्यात हा भाग, डोक्याच्या वरच्या-मागच्या बाजूचा पॅरायटल भाग आणि त्याच्याच आतल्या बाजूचा प्रिक्युनिअस हे साध्या रेम झोपेपेक्षा जास्त सक्रिय दिसले. स्वतःकडे वळून बघण्याशी प्रिक्युनिअसचा संबंध जोडतात. विश्लेषण एकाच व्यक्तीच्या स्वप्नाचं होतं, त्यामुळे याला शेवटचा शब्द समजू नये.

भान किती खोल आहे हे स्वप्नात तपासायचं तर तीन प्रश्न पुरतात. माझं अंग आत्ता कुठे आणि कोणत्या कुशीवर आहे? झोपण्यापूर्वी काय करायचं ठरवलं होतं? आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला हे बोलणं उद्या आठवेल का? तिसरा प्रश्न सगळ्यांत उपयोगाचा. पुष्कळदा आतून सहज 'हो' असं उत्तर येतं. स्वप्न आहे हे कळलेलं, आणि तरी समोरचा माणूस हे स्वप्न आपल्याबरोबरच बघतो आहे असं गृहीत धरलेलं. अर्धवट भानाची याहून स्पष्ट खूण नाही.

यात एक चूक हमखास होते. तारीख, पत्ता किंवा वय स्वप्नात विचारलं की उत्तर झटकन आणि पूर्ण खात्रीने येतं, आणि ते चुकीचं असू शकतं. खात्री वाटणं आणि आठवण बरोबर असणं यांची तिथे फारकत झालेली असते. म्हणून उत्तर मिळालं एवढ्यावर थांबू नका, उठल्यावर ते पडताळून बघा.

एकूणात ही झोप आणि जाग यांच्यामधली मिश्र अवस्था आहे. फॉस यांच्या २००९ च्या मोजणीत डोक्याच्या पुढच्या भागात ४० हर्ट्झच्या (सेकंदाला ४० वेळा) आसपासच्या मेंदूलहरी वाढलेल्या आढळल्या होत्या, त्यावरूनही हेच निघतं.

---

पापणीखाली:

वरच्या उत्तराशी बहुतांशी सहमत. शेवटचा परिच्छेद मात्र आता जसाच्या तसा टिकत नाही. डोळे झटक्याने हलतात तेव्हा त्यांच्या स्नायूंतून एक बारीक विद्युत टोक निघतं. कपाळाजवळच्या इलेक्ट्रोडवर ते उतरतं आणि मेंदूच्या जलद लहरींसारखं दिसतं. लुसिड रेममध्ये डोळ्यांच्या हालचाली जास्त असतात, त्यामुळे ही भेसळही वाढते. बेंजामिन बेअर्ड आणि सहकाऱ्यांच्या २०२२ च्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की लुसिड स्वप्नं पडतात ती रेम झोपेतच, तिच्या जास्त सक्रिय टप्प्यात. झोप आणि जाग यांचं ते मिश्रण नाही. फरक महत्त्वाचा आहे. भानासाठी झोप पातळ व्हावी लागते असं समजून जे उथळ झोपायचा प्रयत्न करतात, ते नेमकी चांगली रेम झोप गमावतात.

आता दिसण्याकडे वळू.

स्वप्नातलं दिसणं कल्पनेच्या जवळचं की प्रत्यक्ष बघण्याच्या, हे तपासायची एक सुंदर युक्ती आहे. हलणाऱ्या वस्तूवर नजर ठेवली की बुबुळं सलग, गुळगुळीत सरकतात. डोळे मिटून तीच वस्तू मनात हलवली तर मात्र ती छोट्या छोट्या उड्या मारत जातात. गुळगुळीत पाठलाग मुद्दाम करता येत नाही, त्यासाठी डोळ्यांना धरायला काहीतरी दिसावं लागतं. स्टीफन लाबर्ज, बेअर्ड आणि फिलिप झिंबार्डो यांनी २०१८ मध्ये सरावलेल्या लोकांना लुसिड स्वप्नात हात लांब करून अंगठ्याने हवेत वर्तुळ काढायला आणि अंगठ्याच्या टोकाकडे बघत राहायला सांगितलं. डोळ्यांची नोंद जागेपणी बघण्यासारखी गुळगुळीत आली, कल्पनेसारखी तुटक नाही. समोर काही नसताना, पापण्या मिटलेल्या असताना डोळ्यांनी खऱ्या वस्तूसारखा पाठलाग केला. या सगळ्या विषयात मला हा प्रयोग सर्वांत बोलका वाटतो.

म्हणजे रंग गडद झाल्याचं तुम्ही म्हणता ती निव्वळ कल्पना म्हणून झटकून टाकता येणार नाही. तरी कारण बहुधा लक्ष हेच आहे. साध्या स्वप्नात लक्ष कथेला बांधलेलं असतं. कोण आलं, कुठे जायचं, काय बिघडलं. भान आलं की कथा सैल पडते आणि नजर पहिल्यांदाच भिंतीच्या पोताकडे, पानाच्या शिरांकडे मोकळी होते. तपशील तेव्हा तयार होतात की आधीच असतात, हा वाद निकाली निघणं अवघड आहे, कारण भान येण्यापूर्वीच्या चित्राची आठवण मुळातच पुसट असते. म्हणून 'आधीपेक्षा स्पष्ट' अशी नोंद करू नका. 'आत्ता काय स्पष्ट आहे आणि काय नाही' एवढीच करा.

मजकूर, हात आणि उजेड या तीन गोष्टी जवळून बघण्याजोग्या आहेत.

मजकुरापासून सुरुवात करा. एक ओळ वाचा, नजर दुसरीकडे न्या, परत आणा. बहुतेक वेळा ओळ बदललेली असते. कधी दोन शब्द उलटे होतात, कधी अक्षरं अक्षरासारखी दिसतात पण वाचता येत नाहीत. जागेपणी पानावरची शाई बदलत नसते, म्हणून नजर परत आली की मेंदूला तीच ओळ पुन्हा मिळते. स्वप्नात परत जायला शाईच नाही. मेंदू 'इथे काहीतरी लिहिलेलं होतं' एवढ्या आठवणीवरून ओळ नव्याने रचतो. डिजिटल घड्याळाच्या आकड्यांचंही हेच होतं.

हाताचा तळवा डोळ्यांसमोर सुमारे एक वीत अंतरावर धरा. पहिल्या क्षणाला हात ठीकठाक वाटतो. बोटं मोजू लागलात की करंगळीपाशी एखादं जास्तीचं बोट फुटलेलं दिसतं, किंवा पेरांच्या रेषा हलतात, किंवा नखं कडेला विरघळल्यासारखी होतात. हात हलवला की तो पुन्हा घट्ट होतो, स्थिर धरला की पुन्हा सैल होतो.

उजेडाचं म्हणाल तर अंधाऱ्या खोलीत दिव्याचं बटण दाबलं तरी बहुधा प्रकाश पडत नाही. ब्रिटिश संशोधक कीथ हर्न यांनी १९८१ मध्येच याची नोंद केली होती. अख्खं दृश्य एका झटक्यात उजळणं स्वप्नाला जड जातं असं दिसतं. उजेड हवाच असेल तर दार उघडून पलीकडच्या उजळ जागेत जा, किंवा तळव्यांनी डोळे क्षणभर झाका आणि मग उघडा. दृश्य तुटून नव्याने उभं राहिलं की उजेड येणं सोपं जातं.

---

अर्धीरात्र:

दोघांचेही आभार, लहरींबद्दलची दुरुस्ती खूप उपयोगी पडली. एक विचारतो. हात किंवा मजकूर निरखत बसलं की दहा-पंधरा सेकंदांत सगळं विरून जातं आणि जाग येते. निरखणं हेच जर जाग आणत असेल, तर निरीक्षण करायचं तरी कसं?

---

दुसरी_झोप:

विरण्याची तीन वेगवेगळी कारणं आहेत आणि प्रत्येकावर उपाय वेगळा. सगळ्यांवर एकच उपाय करत राहिल्याने फसगत होते.

पहिलं कारण म्हणजे नजर रोखणं. रेम झोपेत डोळे सतत हलत असतात आणि स्वप्नातल्या नजरेशी त्यांचा संबंध जोडलेला असतो. एका बिंदूवर टक लावली की हालचाल थांबते आणि चित्र कोसळतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ पाउल थोलाय यांनी तर स्वप्नातून मुद्दाम बाहेर पडण्यासाठी टक लावण्याचा मार्ग सांगितला होता. म्हणून हात बघायचा तर एक-दोन सेकंद बघा, मग जमिनीकडे, मग दूरच्या भिंतीकडे, पुन्हा हाताकडे. निरखा, पण नजर फिरती ठेवा. तुमच्या बाबतीत हेच कारण असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

दुसरं कारण उत्तेजना. भान आल्याचा आनंद होतो, श्वास आणि नाडी वाढते आणि जाग येते. नवख्यांचं बहुतेक वेळा इथेच अडतं. भान आल्याबरोबर काहीही करू नका. स्वप्नातच दोन-तीन संथ श्वास घ्या, आवाज न चढवता 'हे स्वप्न आहे' असं एकदा म्हणा, मग हालचाल करा.

तिसरं, रेमचा तो टप्पाच संपत आलेला असतो. यावर उपाय नाही. रात्रीचा पहिला रेम टप्पा जेमतेम दहा मिनिटांचा असतो, पहाटेचे अर्धा तास किंवा त्याहून जास्त चालतात. म्हणूनच निरीक्षणाचे प्रयोग झोपेच्या शेवटच्या दोन-तीन तासांत करायचे.

विरण्याला क्रम असतो, तो ओळखायला शिका. आधी रंग उतरतात. मग नजरेच्या कडा राखाडी होतात आणि दृश्य रेखाचित्रासारखं चपटं दिसतं. मग आवाज लांब जातात. स्पर्श सगळ्यांत शेवटी जातो. या क्रमातच उपाय आहे. रंग उतरू लागताक्षणी डोळ्यांचा नाद सोडा आणि स्पर्शाकडे वळा. तळहात एकमेकांवर जोरात चोळा आणि घर्षणाची ऊब जाणवेपर्यंत चोळत राहा, किंवा जवळची भिंत, झाडाचं खोड, काहीही चाचपडा. उभ्या जागी स्वतःभोवती गिरकी घेणं हा लाबर्ज यांचा जुना उपाय. दोन्ही उपाय काहीच न करण्यापेक्षा पुष्कळ सरस ठरले आहेत. यामागचा तर्क असा, की स्वप्नातल्या शरीराकडून भरपूर संवेदना येत असल्या तर अंथरुणातल्या शरीराच्या संवेदनांना शिरायला जागा उरत नाही. अंथरूण जाणवू लागलं की खेळ संपला. त्या क्षणी उशीचा, पांघरुणाचा विचारही करू नका.

गिरकीला एक धोका आहे. ती थांबते तेव्हा समोर बहुतेक वेळा नवं दृश्य असतं, आणि ते पुष्कळदा आपलीच झोपायची खोली असते. माणूस 'उठलो' असं समजून अंथरुणावर बसतो, वही काढतो, नोंद लिहितो आणि मग खरोखर उठतो, तेव्हा वही कोरी. याला खोटी जाग म्हणतात. उपाय एकच: कितीही खरं वाटलं तरी प्रत्येक जागेनंतर नाकपुड्या चिमटीत घट्ट दाबा आणि तोंड मिटून नाकाने श्वास घेऊन बघा. श्वास आत गेला तर स्वप्न चालू आहे. ही चाचणी मजकुराच्या चाचणीपेक्षा भरवशाची, कारण श्वासाचा मुख्य स्नायू, म्हणजे श्वासपटल, रेममध्ये लुळा पडत नाही. खरं नाक उघडं असतं आणि खरा श्वास चालूच असतो.

---

ठोका:

वेळ आणि शरीर याबद्दल कुणी लिहिलेलं नाही, म्हणून ते घेतो.

वेळ मोजता आली ती डोळ्यांमुळे. रेममध्ये हातापायांचे स्नायू लुळे असतात, डोळ्यांचे नसतात. स्वप्नात नजर मुद्दाम डावीकडे-उजवीकडे-डावीकडे-उजवीकडे टोकापर्यंत नेली की मिटलेल्या पापण्यांखालची बुबुळंही तशीच हलतात आणि डोळ्यांची हालचाल नोंदवणाऱ्या यंत्राच्या कागदावर चार मोठी वळणं उमटतात. एप्रिल १९७५ मध्ये हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी ॲलन वर्सली यांच्याकडून असे इशारे पहिल्यांदा नोंदवले. लाबर्ज यांनी स्टॅनफर्डमध्ये स्वतंत्रपणे तेच केलं आणि १९८१ मध्ये ते छापून आलं.

एकदा इशारा देता आला की वेळ मोजणं सरळ आहे. इशारा द्या, मनात दहा सेकंद मोजा, पुन्हा इशारा द्या. दोन इशाऱ्यांमधला खरा वेळ जागेपणी मोजलेल्या दहा सेकंदांच्या आसपासच निघतो. एका क्षणात अख्खा दिवस जगल्याच्या गोष्टी यात बसत नाहीत. दिवस गेल्यासारखा वाटतो त्याचं कारण दृश्यं मधली वेळ गाळून पुढे उडी मारतात.

अंगमेहनतीचं वेगळं आहे. डॅनिएल एर्लाखर आणि मिखाएल श्रेडल यांनी स्वप्नात उठाबशा काढायला लावल्या, तेव्हा त्यांना जागेपणीपेक्षा सुमारे ४० टक्क्यांहून जास्त वेळ लागला. कारण नक्की ठरलेलं नाही. एक पटण्यासारखं स्पष्टीकरण असं, की हालचालीचा आदेश निघतो पण स्नायू आणि सांध्यांकडून 'झालं' असा निरोप परत येत नाही, म्हणून मेंदू प्रत्येक पायरी संथपणे उरकतो. स्वप्नात पळताना पाय जड होतात त्याच्याशी याचा संबंध असावा असा माझा अंदाज आहे, सिद्ध झालेलं नाही. तेव्हा वेळेची चाचणी घ्यायची तर मोजणी वापरा, चालणं किंवा पळणं नको.

स्पर्श ही काही दिसण्याची दुय्यम सावली नव्हे. २०११ मध्ये ड्रेसलर यांच्या गटाने लुसिड स्वप्नात मूठ आवळायला लावली, तेव्हा हाताच्या हालचालीचा मेंदूतला भाग सक्रिय झाला, जागेपणी मूठ आवळताना होतो त्यापेक्षा कमी आणि आटोपशीर जागेत. पोत, दाब आणि उष्णता बरीच खरी वाटते. वजन मात्र फसवं असतं. मोठा दगड उचलला की हाताला तो दगडच लागतो, पण खांद्यावर आणि पाठीवर भार येत नाही. वेदनाही असू शकते, त्यामुळे 'चिमटा काढा, दुखलं नाही तर स्वप्न' ही चाचणी निकामी आहे.

बाहेरच्या जगाचं काय, हेही बघा. कान बंद झालेले नसतात. बाहेरचा आवाज बहुतेक वेळा वेष बदलून आत येतो, कधी स्वप्नातल्या रेडिओतून, कधी आकाशातून. २०२१ मध्ये कॅरन कॉन्कली आणि सहकाऱ्यांनी अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स इथल्या प्रयोगशाळांत झोपलेल्या ३६ जणांना प्रश्न विचारले. आठातून सहा गेले किती, असं विचारल्यावर एकाने नजर दोनदा डावी-उजवी हलवून 'दोन' असं उत्तर दिलं, आणि रेम झोप चालूच होती. सगळ्यांचं असं झालं नाही हेही सांगायला हवं. लुसिड असल्याचा इशारा मिळाल्यावर केलेल्या १५८ प्रयत्नांपैकी १८ टक्क्यांच्या आसपास बरोबर उत्तरं आली, निम्म्याहून जास्त वेळा काहीच उत्तर आलं नाही. भान असूनही प्रश्न ऐकू न येणं, ऐकू आला तरी तो बाहेरून आला हे न उमगणं, किंवा उत्तर देईपर्यंत प्रश्नच निसटणं, यांतलं काहीही होऊ शकतं.

---

दुसरी_झोप:

आता घरच्या घरी करायचं ते सांगतो.

पाच तास झोप झाल्यावर गजर लावून उठा. पाच ते दहा मिनिटं जागे राहा, तीव्र उजेड आणि फोन टाळून. या वेळात आधीचं स्वप्न आठवा आणि त्यातली विसंगत जागा शोधा. मग पुन्हा आडवं होऊन मनात म्हणा: 'पुढच्या वेळी स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न आहे हे माझ्या लक्षात येईल.' म्हणताना त्याच स्वप्नात, त्या विसंगत जागी स्वतःला भान येताना बघा. झोप लागेपर्यंत हे चालू ठेवायचं. ही लाबर्ज यांची माइल्ड पद्धत. वाक्य पोपटपंची झालं की ती फसते, कारण ही भविष्यातली गोष्ट आठवणीत ठेवण्याची पद्धत आहे. मंत्र म्हणून नुसत्या जपाचा उपयोग नाही. डेनहोम ॲस्पी यांच्या २०१७ च्या अभ्यासात मधली जाग, माइल्ड आणि दिवसभराच्या वास्तव-चाचण्या (जागेपणी अधूनमधून 'हे स्वप्न तर नाही ना' असं तपासणं) एकत्र केलेल्या गटात जवळपास १७ टक्के प्रयत्नांत लुसिड स्वप्न पडलं. माइल्डनंतर पाच मिनिटांत ज्यांना झोप लागली त्यांच्या बाबतीत हेच प्रमाण ४६ टक्क्यांपर्यंत गेलं. म्हणून मधली जाग ताणू नका. अर्धा-पाऊण तास जागून झोप उडवून घेणाऱ्यांचं बहुतेक वेळा इथेच बिनसतं.

एका स्वप्नात एकच काम घ्या. 'हात बघणे', 'ओळ दोनदा वाचणे', 'दहा मोजणे', 'अंगठ्याने वर्तुळ' यांपैकी एक. झोपण्यापूर्वी ते जागेपणी तीन-चार वेळा प्रत्यक्ष करा, म्हणजे तुलनेला आधार राहतो. वर्तुळ काढताना हात पूर्ण लांब, वर्तुळ फूटभर व्यासाचं, एका फेरीला पाचेक सेकंद. काम झालं की स्वप्न लांबवू नका. स्वतःहून जागे व्हा, टक लावून. जितकं लांबवाल तितका सुरुवातीचा तपशील पुसला जातो, आणि स्वप्नातून पुन्हा साध्या झोपेत घसरलात तर सकाळी काहीच हाती लागत नाही. जाग आल्यावर अंग हलवू नका, डोळे मिटलेले ठेवा आणि स्वप्न शेवटाकडून सुरुवातीकडे एकदा आठवा. मग नाक दाबून बघा. मग लिहा.

लिहिताना आधी काम आणि त्याचा निकाल, कथा नंतर. नोंद साधारण अशी दिसावी: 'भान कशामुळे आलं: जिना दोनदा एकाच मजल्यावर पोचला. काम: ओळ दोनदा वाचणे. पहिल्यांदा "पाणी बंद आहे", दुसऱ्यांदा अक्षरं तीच पण क्रम वेगळा. रंग: पिवळा गडद, बाकी राखाडी. अंथरुणाची आठवण: होती. समोरचा माणूस खरा वाटला: हो.' वर दिलेल्या तीन प्रश्नांची उत्तरं प्रत्येक नोंदीत असू द्या. 'खूप स्पष्ट', 'खऱ्याहून खरं' असे शब्द टाळा, महिन्याभराने त्यातून काही कळत नाही. अपेक्षाही आधीच लिहून ठेवा. मजकूर बदलणार असं वाचून झोपलात तर तो बदलण्याची शक्यता वाढते, कारण स्वप्नातलं चित्र अपेक्षेवरच बांधलं जातं. निदान कोणती गोष्ट अपेक्षेप्रमाणे झाली आणि कोणती अपेक्षेविरुद्ध, हे वेगळं काढता येईल. अपेक्षेविरुद्धच्या नोंदी जास्त मोलाच्या.

मधली जाग आठवड्यातून दोन रात्रींहून जास्त नको, आणि त्याही अशा की सकाळी उशिरा उठता येईल. झोप मोडण्याची किंमत दिवसा मोजावी लागते. दोन-तीन आठवडे झोप अपुरी वाटली तर सरळ थांबा. पुन्हा झोपताना अंग लुळं पडल्याची जाणीव, छातीवर दाब किंवा खोलीत कुणी असल्याचा भास होऊ शकतो. तो झोपेतला पक्षाघात. काही सेकंदांत, फार तर एक-दोन मिनिटांत जातो. धडपडू नका, श्वास संथ ठेवा आणि बोटाचं टोक हलवायचा प्रयत्न करा.

गॅलँटमाइनबद्दल कुणीतरी विचारेलच. हे स्मृतिभ्रंशावरचं औषध आहे, ॲसिटिलकोलीन या मेंदूतल्या रसायनाचं विघटन मंद करतं. २०१८ मध्ये छापलेल्या १२१ जणांच्या अभ्यासात औषधाविना १४ टक्के, ४ मिलिग्रॅमला २७ टक्के आणि ८ मिलिग्रॅमला ४२ टक्के लोकांना लुसिड स्वप्न पडलं. परिणाम खरा आहे. पण ते नाडी मंद करतं, दम्याचा त्रास वाढवू शकतं आणि मळमळ आणतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि निरीक्षणासाठी तर त्याची गरजही नाही.

ज्यांना पूर्वी भ्रम, उन्माद किंवा भोवतालचं जग खोटं वाटण्याचा त्रास झाला असेल त्यांनी दिवसभराच्या वास्तव-चाचण्या सुरू करू नयेत. 'हे खरं आहे का' हा प्रश्न दिवसातून दहा वेळा स्वतःला विचारण्याची सवय त्यांच्यासाठी सुरक्षित नाही.

---

उत्तररात्र:

पापणीखाली, लहरींबद्दलची दुरुस्ती मान्य. अर्धीरात्र, पहिलं काम म्हणून 'दहा मोजणे' घ्या. नजर रोखावी लागत नाही, मोजताना ती फिरती ठेवता येते, आणि आकडा चुकला की लगेच कळतं. सात-आठच्या आसपास मोजणी निसटून तुम्ही पुन्हा कथेत ओढले गेलात, तर कोणत्या आकड्यावर निसटली ते लिहून ठेवा. भान किती वेळ धरून ठेवता येतं, याचं ते तुमच्याकडचं पहिलं माप.